हाताने ठोकलेला नंबर

गाडी तपासायला आलेल्या माणसाने आधी हातमोजे चढवले, तेव्हाच तो मला आवडेनासा झाला. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये उंदीर सुखाने नांदतात, आणि हा तिथे ऑपरेशनला आल्यासारखा. खिशातून त्याने छोटं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवायला लागला. नुसता पत्रा असेल तिथे ते घट्ट चिकटायचं, खड्डा बुजवायला रंगाखाली लांबी भरलेली असेल तिथून घसरायचं.

“डावा दरवाजा बघा,” बाबा म्हणाले. “खालच्या बाजूला लांबी आहे. मीच भरलीय.”

मी डोळे वटारले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली होती, शेड पडणार होती आणि भाड्याच्या जागेत स्कूटर लावायचीही पंचाईत होती. सांताक्रूझचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात, हा माणूस त्यांनीच पाठवलेला. बॉडी आणि इंजिन दोन्ही मूळचंच असेल, तर ते ही गाडी नेऊन नीट ठेवणार होते, चालवणार होते. नसेल तर कुर्ल्याचा जुन्या पार्टवाला तयारच होता, तो तिचे तुकडे करून विकणार. ऐंशी ओलांडलेल्या बाबांचं एकच म्हणणं होतं, गाडी अख्खी राहिली पाहिजे. आणि तेच आता तिचे दोष दाखवत फिरत होते.

ही दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी आमच्यासारख्यांच्या घरी आली कशी, असं सगळे विचारतात. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले, बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात. त्या कारखान्यात आलेल्या एका परदेशी इंजिनिअरची ही गाडी. तो परत गेला, गाडी मागे राहिली. स्टिअरिंग डावीकडे, पेट्रोल पाण्यासारखं पिणार, त्यामुळे कुणी घेईना. बाबांनी घेतली, कारण तिच्या इंजिनाचा आवाज त्यांना आवडायचा. आमच्या घरात तेव्हा फ्रिजही नव्हता. आई म्हणाली, “घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.” पण दसऱ्याला त्या घोड्याला झेंडूचा हार तीच घालायची, आणि मग बाबा आम्हाला बसवून ठाण्यापर्यंत फिरवून आणायचे. गाडी सुरू झाली की लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे. मला लाज वाटायची. शाळेतल्या मुली विचारायच्या, तुम्ही श्रीमंत आहात का गं?

हातमोजेवाला मात्र कामाचा पक्का निघाला, हे कबूल करायला हवं. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा, दिव्यांची भिंगं, कार्बोरेटर, एकेक गोष्ट तो बॅटरीच्या उजेडात बघत होता, फोटो काढत होता. बाबा पाठीमागे हात बांधून त्याच्या मागे मागे. सीटचं कापड मानखुर्दला शिवून घेतलंय, वायपरची मोटर दुसऱ्या गाडीची आहे, आरसा नवा आहे, सगळं न विचारता सांगून झालं. त्या दोघांचं चांगलं जमलेलं पाहून मला अजूनच चीड यायला लागली.

मग त्याने उजव्या बाजूचं पुढचं मडगार्ड काढायची परवानगी मागितली. अशा गाड्यांना एक नंबर दिसेल असा असतो आणि तोच आतल्या पत्र्यावर, मडगार्डखाली लपवून मारलेला असतो, असं त्याने मला समजावलं. बोल्ट गंजलेले होते. तेल टाकून, थांबून, पुन्हा टाकून एकदाचे ते निघाले. त्याने आतला पत्रा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “काका, झकास. बॉडी शंभर टक्के ओरिजिनल.” बाबा मला म्हणाले, परत एकदा चहा टाक. त्यांना आनंद झाला की ते असंच काहीतरी काम सांगतात.

मी चहा घेऊन खाली आले तोवर तो बॉनेटखाली वाकलेला होता. इंजिनाच्या कडेला एक सपाट पट्टी आहे, तिच्यावर इंजिनाचा नंबर. भिंगातून तो बराच वेळ बघत राहिला.

“हा नंबर कंपनीने मारलेला नाही,” शेवटी तो म्हणाला. “हाताने ठोकलाय. चारचा आकडा बघा. कंपनीचा चार असा नसतो.”

“म्हणजे काय?” मी म्हटलं. “चोरीचं इंजिन आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“ताई, मी तसं म्हटलं नाही.”

“मी ठोकलाय,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. गाडी घेऊन बरीच वर्षं झाल्यावर तिचे कागद नव्याने करायचे होते. त्यासाठी इंजिनाच्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची आणि तो छाप जोडायचा असतो. आमच्या पूर्वेला मिठागरं, तिकडच्या खाऱ्या वाऱ्याने आकडे झिजले होते, छाप उठेना. एजंट म्हणाला, ठोकून घ्या, अख्खी मुंबई ठोकते. बाबांनी आकड्यांचे पंच आणले आणि जुन्या आकड्यांवर तेच आकडे पुन्हा ठोकले. छाप छान उठला, काम झालं.

“बघा, तेच आकडे आहेत ना!” मी म्हटलं. “कागदातही तोच नंबर आहे.”

“इंजिन बदललं तरी लोक कागदातलाच नंबर मारतात, ताई,” तो म्हणाला. अगदी नरम आवाजात म्हणाला, म्हणून तर मला जास्त झोंबलं. इंजिन त्याच सालचं होतं, त्याच जातीचं होतं. पण ह्या गाडीचं मूळ इंजिन ते हेच, असं सांगणारी खूण त्या पट्टीवर उरली नव्हती. जुन्या आकड्यांचं नामोनिशाण दिसत नव्हतं.

त्याने हातमोजे काढले, चहा घेतला. मग म्हणाला, “काका, तुम्ही सकाळपासून एक गोष्ट लपवली नाहीत. माझा तुमच्यावर विश्वास आहे. मी इंजिन ओरिजिनल लिहितो.”

मला इतकं हायसं वाटलं की वरून बिस्किटं आणावीत असं मनात आलं.

“नको,” बाबा म्हणाले. “तुम्ही बघितलंत काय?”

“काका, राहू दे ना.”

“काय बघितलंत?”

“हाताने ठोकलेला नंबर.”

“मग तेच लिहा. माझ्याकडे माल घेऊन यायचे ना लोक, रडायचे अक्षरशः. साहेब, पोरांची शपथ, माप बरोबर आहे. शपथेवर मी एक बोल्ट पास केला नाही.”

त्याने तेच लिहिलं. जाताना बाबांच्या पाया पडला. मी त्याला निरोपसुद्धा दिला नाही.

तो गेल्यावर मी बाबांवर तोंडसुख घेतलं. एवढी वर्षं सांभाळलीत ती तुकडे करायला? काय मिळालं खरेपणा करून? बाबा चिडले की मालवणीवर येतात, थकले तरी येतात. “माका म्हायत आसा गो,” ते म्हणाले. “पण ह्येका कसा कळतला?” थोड्या वेळाने म्हणाले, “तुझ्या आयशीन बॅटरी धरलेली. एकेक आकडो तिनाच वाचून दाखवल्यान. तिना बघलेला.”

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्या काळात मावशीकडे सांगलीला शिकत होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या बंद शेडमध्ये दोघं इंजिनावर वाकलेली, ती आकडे वाचतेय आणि हे ठोकतायत, असं डोळ्यांसमोर आलं आणि माझं भांडण तिथेच संपलं.

सांताक्रूझच्या गृहस्थांनी अहवाल वाचून फोनवर नकार दिला, सभ्यपणे. शेड पाडायचा दिवस जवळ आला तसं आम्ही कुर्ल्याच्या माणसाला बोलावलं. तो टो करायची गाडी घेऊनच आला. साखळी लावण्याआधी त्याने बॉनेट उघडलं.

“इंजिन ओरिजिनल आहे ना, काका?”

“सांगता येत नाही,” बाबा म्हणाले. “नंबर हाताने मारलेला आहे.”

मला राहवलं नाही. “ओरिजिनलच आहे,” मी जवळजवळ ओरडले. “शंभर टक्के!”

माणूस माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी हात गाडीच्या छपरावर ठेवला होता, तो त्यांनी काढून घेतला.

“हिचं ऐकू नका,” ते त्याला म्हणाले. “ही तेव्हा तिथे नव्हती.”