उलटा ठेवलेला हत्ती

पोर्ट सईदमधली बुद्धिबळ खेळणारी पोरं आईबापांना जुमानायची नाहीत, पण मिस इनायात यांच्यापुढे चळाचळा कापायची. भूमितीच्या निवृत्त शिक्षिका, अंगानं किरकोळ, आणि पंच म्हणून इतक्या कडक की सख्ख्या भाच्यालाही त्यांनी स्पर्धेबाहेर काढलं होतं. त्यांनी कुणा खेळाडूचं कौतुक केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मुलांच्या स्पर्धेचा शेवटचा डाव रंगला होता. कैरोला, देशाच्या स्पर्धेला, एकच जण जाणार. मरवानला बरोबरीही पुरत होती. अनीसला मात्र जिंकणंच भाग होतं. अनीसचा बाप कहवाखान्यात चहा द्यायचा आणि पोरगं तिथल्या गिऱ्हाइकांना हरवत मोठं झालेलं.

अनीसचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. आता त्याचा वझीर व्हायचा, पण वझीर काही हाताशी नव्हता. त्यानं कहवाखान्यात सगळे करतात तेच केलं. मेलेला हत्ती उचलून उलटा ठेवला आणि घड्याळ दाबलं.

मरवाननं लगेच हात वर केला. "मिस, यानं हत्ती घेतलाय."

"वझीर आहे तो! उलटा दिसत नाही? डोळे घरी ठेवून आलास का?"

"हा तुझ्या बापाचा कहवाखाना नाही, शहाण्या."

"गप्प बसा दोघं!" मरवानचं बरोबर होतं आणि तेच बाईंच्या जिवावर आलं. "उलटा असो की सुलटा, नियमानं तो हत्तीच. खेळा."

अनीसचे कान लालबुंद झाले. मरवाननं आपलं प्यादं पुढे रेटलं, तेही शेवटच्या घराजवळ आलेलं. आता बरोबरीच, बाईंना वाटलं. अनीसनं शह दिला नाही, हत्तीला हातही लावला नाही. बराच वेळ विचार करून त्यानं राजा एक घर बाजूला सरकवला, बस्स.

हे काय केलं कार्ट्यानं? मग मरवानचा हात हवेतच थांबला आणि बाईंनाही दिसलं. राजानं वाट अडवली होती. मरवानचा राजा आता आपल्या प्याद्याच्या बचावाला पोचूच शकत नव्हता. बाईंनी जन्मभर रेषा आणि कोन शिकवले, पण इतकं सुंदर काही फळ्यावर कधी उतरलं नव्हतं.

मरवानचं प्यादं पडलं, पाठोपाठ मात झाली.

"मिस, माझं चुकलंच ना?" अनीसनं विचारलं.

"चुकलंच. पुढच्या वेळी घड्याळ थांबवायचं आणि माझ्याकडे वझीर मागायचा."

"मागेन. पण वझीर मिळाला असता ना, तर राजाकडे मी बघितलंच नसतं."

बाईंनी निकालाच्या कागदावर त्याचं नाव लिहिलं.

"जा, बापाला सांग जिंकलास म्हणून," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि पर्स उचलून त्याच्या मागोमाग निघाल्या. "थांब रे. मीच सांगते त्यांना."