कुंडावरचे काळे तोडे

चांदी पाण्यानं काळी पडू शकते, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हा काही गुन्हा नाही. पण त्या अज्ञानाच्या जोरावर मी एका निरपराध बाईला ठाण्यावर नेलं आणि वर साहेबांची शाबासकीही घेतली. पुढे फौजदार होऊन निवृत्त झाले, खून-दरोडे पाहिले; पण जुन्या आठवणी निघाल्या की आधी ते कुंडच डोळ्यांपुढे येतं.

दुष्काळाचं साल होतं. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी महिला शिपाई होते. तेव्हा खात्यात बायका नव्हत्याच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे माझा तोरा काय वर्णावा! घरात मांजर शिरलं तरी "कोण आहे तिकडे? बाहेर ये!" असं दरडावायची. सासू म्हणायची, "अगं, मांजराला वॉरंट दाखव आधी."

एका सुटीच्या दिवशी पोलीस लाइनीतल्या आम्ही पाचसहा बायका सकाळच्या एसटीनं डोंगराकडेच्या ऊन पाण्याच्या कुंडावर गेलो. विहिरी आटल्या होत्या, पण ते कुंड वाफाळतच होतं. अंघोळीला मनसोक्त पाणी मिळणं हीच त्या साली मोठी चैन. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. आम्ही नाकाला पदर लावून गळ्यापर्यंत बुडून बसलो.

बायकांच्या बाजूला एक विधवा मावशी असायची. येणाऱ्या बायका सोनं-नाणं तिच्या पितळी डब्यात ठेवत आणि निर्धास्त पाण्यात उतरत. ती पाण्याच्या पायरीवर बसून वजरीनं टाचा घासून द्यायची. त्याबद्दल कुणी धान्य द्यायचं, कुणी जुनं लुगडं. तिचं पोट त्या डब्यावर होतं. म्हणजे खरं तर लोकांच्या विश्वासावर.

दुपारी आरडाओरडा झाला. कोल्हारकडची एक बागाइतदारीण पायातले तोडे हातात घेऊन किंचाळत होती. टाचा घासून घेताना तिनं ते काढून पायरीवरच्या पाण्यातच ठेवले होते, आणि मावशीनं परत पायात घातले तेव्हा ते काळेठिक्कर.

"माझं तोडं चांदीचं हुतं! हे कथलाचं कुनाचं घातलंस गं माझ्या पायात?"

"त्येच हायेत बाई तुमचं," मावशी म्हणाली. "ह्या पान्यात गंधक हाय. चांदी काळी पडती. डब्यात ठेवा म्हनलं हुतं, तुमीच न्हाई म्हनलात."

मी ओल्या केसांनी पुढे झाले. "बाजूला व्हा. मी पोलीस आहे." हे वाक्य म्हणायची संधी मी दोन वर्षं शोधत होते.

गंधकाची सबब ऐकून मी हसले. मोठ्यानं. चोर काय काय शोधून काढतात, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. मग लुगड्याचा आडोसा करून मावशीची अंगझडती घेतली. काही नाही. तिच्या खोपटाची झडती घेतली, तर ट्रंकेत चांदीची एक साखळी निघाली. पांढरीशुभ्र.

"मग ही कशी नाही गं काळी पडली?"

"ती कधी पान्यात नेलीच न्हाई, म्हनून."

अहो, बिचारीनं उत्तर माझ्या ओंजळीत टाकलं होतं! पण मी ती साखळी मुद्देमाल म्हणून रुमालात बांधली. कुंडावरच्या देवळाचा गुरव शेजारीच उभा होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "आपल्याला काय म्हाईत बुवा." चांदी काळी पडते हे कुंडावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, पण पोलिसांपुढे तोंड उघडून साक्षीला कोण जाणार? पुढे नोकरीत हे फार वेळा पाहिलं. गर्दी खोटं बोलत नाही. गर्दी गप्प बसते.

फिर्याद नोंदवली, स्टेशन डायरीत नोंद झाली. फौजदारसाहेब म्हणाले, "सुटीच्या दिवशीही कामगिरी! वा!" मावशीला मी बाकावर बसवलं आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला : खरे तोडे कुणाकडे दिलेस? ती माझ्या आईच्या वयाची. मी मात्र सारखी अगं-तुगं करत होते.

"तुमच्या संगतीच्या बायांची जोडवी तरी बघा की," ती म्हणाली.

"मला तपास शिकवू नकोस."

जोडवी तेव्हाही त्यांच्या पायातच होती. दोन मिनिटांचं काम. पण माझी मान तेव्हा खाली वळत नसे.

बाईला दिवस मावळल्यावर ठाण्यात ठेवत नसत. साहेबांनी तिला तिच्या गावच्या पोलीस पाटलाच्या हवाली केलं आणि सकाळी हजर व्हायला सांगितलं. गावातून ती पाटलाच्या मागून चालत गेली, ते सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना माझ्या हाताला गळ्यातला ताईत लागला. आईनं घातलेला, चांदीचा, कायम पोलक्याच्या आत. तो कोळशासारखा काळा झाला होता. अख्खी चौकशी मी पुरावा गळ्यात बांधून केली होती!

तशीच सोनाराकडे धावले. म्हाताऱ्यानं ताईत चिंचेच्या कोळात बुडवला, राखेनं घासला. पांढरा लख्ख. मग साहेबांना सांगून ठाण्यात जमा केलेले तोडे नेले. तेही तसेच निघाले, नग अस्सल चांदीचा. बागाइतदारणीनं ते पायात घातले आणि "मला तवाच वाटलं हुतं" म्हणून निघून गेली. फिर्याद गैरसमजातून दिलेली, असा शेरा मारून कागद बंद झाला. मावशीला साखळी परत मिळाली. साहेब माझ्याकडे बघून नुसते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी कुंडावर गेले. पायरीवर दुसरीच बाई बसली होती, गुरवाच्या नात्यातली. मी गुरवाला म्हटलं, "अहो, ती निर्दोष आहे. कागदावर तसं लिहिलंय."

"कागुद कोन वाचतंय, बाईसाहेब? पोलिसांनी न्हेलेल्या बाईजवळ सोनं कोन ठेवंल?"

त्या दिवशी मला उमगलं की संशय घेणं हा आमच्या धंद्याचा भाग असला, तरी तो परत घ्यायची सोय खात्यात नाही. आणि एक साधी गोष्टही शिकले : आरोपी जे सांगतो ते खोटं ठरवायच्या आधी तपासून बघावं. पुढे तीस वर्षं हे पाळलं. माझ्या हाताखालच्या पोरींनाही पाळायला लावलं. मावशीला त्याचा काही उपयोग झाला नाही.

ती मला दुष्काळी कामावर सापडली. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होती. मी उन्हात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ताईत, सोनार, चिंच, राख. तोडे कसे लख्ख झाले तेही. शेवटी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं."

तिनं हातातला दगड फोडून पुरा केला. मग हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे वर बघितलं आणि हसून म्हणाली, "तोडं उजळलं म्हन्ता, लई झ्याक झालं. आता चिंच उरली आसंल, तर थोडी मला बी लावा की, बाईसाहेब."