माळवद उतरवायला आलेली माणसं

त्या वर्षी आमच्या मालकांनी कारखान्यातून घर मागवलं. चपला मागवाव्यात तसं. साताऱ्याहून एक साहेब आला होता. त्याने चावडीत सांगितलं, की सिमेंटच्या दोन तक्त्यांमध्ये भुसा भरून भिंती तयारच मिळतात. असं घर उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, म्हणून जळण वाचतं. जो घेईल त्याला सरकारचं अनुदान, निम्मं आधी, निम्मं नंतर. आमच्या आटपाडीकडे घर ऊबदार ठेवायला जळण कोण जाळतो? जळण लागतं भाकरीला, आणि भाकरी भिंतीवर भाजत नाही. पण चावडीत मला कोण विचारणार होतं? परक्या पुरुषासमोर मी तोंड उघडत नव्हते.

हे पलटणीतून पेन्शनीवर आलेले. तिकडे असली घरं पाहिली होती म्हणून पहिली सही यांची.

अट एकच होती. राहतं माळवद, जाड मातीच्या छताचं जुनं घर, उतरवायचं, तरच उरलेलं अनुदान. नाहीतर लोक नव्या घरात शेरडं बांधतील, असं साहेब म्हणाला. तेवढं एक त्याला बरोबर कळलं होतं.

घर उभं राहिलं तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. नव्या घरात दुपारी पाय ठेवला की तव्यावर झाकण ठेवल्यासारखं व्हायचं. भिंतींत भुसा आणि वर नुसता पत्रा! भुसा आणखी कुठे कुठे भरला होता ते मी लिहीत नाही.

साहेब पाहणीला आला, तेव्हा यांनी चार माणसांसमोर आत खाट टाकून झोपून दाखवलं. बाहेर आले ते निथळत. सदरा पाठीला चिकटलेला.

"कसं काय, हवालदार?"

"लय गार हाय, साहेब. उटूच वाटंना."

जमलेल्या पुरुषांनी माना हलवल्या. साहेबाने लिहून घेतलं. मग तो आमच्या जुन्या घराच्या सोप्यात येऊन बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि थंड भिंतीला टेकून म्हणाला, "हे मार्च संपायच्या आत उतरवा, नाहीतर पैसे परत जातील."

तो गेल्यावर मी म्हटलं, "आवं, लेकीला त्या भट्टीत बाळंत करायची?"

"तुला काय कळतंय? चौथी शिकलेली तू."

"मंग आज तितंच झोपा तुमी."

यांनी खाट उचलली. झोपले मात्र सोप्यात.

मार्च संपता संपता साहेब स्वतःच गडी घेऊन आला. त्यांनी शिडी लावली. मी मागच्या दाराने गेले, कडुलिंबाचा डहाळा मोडला आणि बाळंतिणीच्या दाराला खोचतात तसा सोप्याच्या दाराला खोचला. आत जाऊन लेकीला म्हटलं, "कण्ह."

"आये, अजून कुटं?"

"कण्ह म्हंते न्हवं!"

तिने पदर तोंडात कोंबला आणि असा आवाज काढला, की ते हसू आहे की कळा, बाहेरच्यांना कळणं शक्य नव्हतं. शिडीवरचा गडी डहाळा बघून खाली उतरला. "बाळंतिणीच्या डोस्क्यावरचं माळवद म्या न्हाई काडनार, साहेब." छातीवर बिल्ले मिरवणारे आमचे हवालदार तर दाराकडे पाठ करून उभे राहिले.

साहेबाने घड्याळ पाहिलं. "किती वेळ लागेल, बाई?"

हे शिडीच्या पायऱ्या मोजायला लागले. पदर पुढे ओढून मी म्हणाले, "सव्वा महिना."

परक्या पुरुषाशी जन्मात बोलले ते एवढंच. मार्च गेला, पैसे परत गेले. नातू त्यानंतर झाला, गार माळवदाखाली. पहिला डहाळा तोवर वाळून गेला होता, मी नवा खोचला. दिवसांचा हिशेब एकाही पुरुषाने केला नाही.

नव्या घरात आम्ही शेरडं बांधली. दुपारची तीही दावं तोडून बाहेर येतात.