सकाळपासून बसलाय

आमच्या तळमजल्यावरच्या गवयाला लोकांनी जितक्या प्रेमानं हुंगलंय तितकं सबंध सिल्वासात दुसऱ्या कुणाला हुंगलं नसेल, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा नाही. बाळाला आई हुंगते, आजी हुंगते, फार तर मावशी. याला अख्खी बिल्डिंग हुंगते. जिन्यात भेटला की जवळ जायचं, खांद्यावर हात टाकून "काय रे, बरा आहेस ना?" म्हणायचं, आणि तेवढ्यात नाकानं पंचनामा उरकून घ्यायचा. नुसता वेलचीचा वास आला तर दिवस सुखाचा. वेलची जरा जास्त आली की दिवस काळजीचा, कारण एवढी वेलची माणूस उगाच कशाला खाईल? मी सरकारी मराठी शाळेत वीस वर्षं शिकवतेय. कुणी मधल्या सुट्टीत चिंच खाल्ली ते मला फळ्यापाशी उभं राहून कळतं. त्यामुळे या कामात माझा नंबर पहिला, हे कबूल करते.

त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तो माझ्या दारात येऊन माझीच माफी मागेल, इतका तो माफीचा शौकीन. मूळचा नंदुरबारकडचा, गलोंड्याला धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवतो. वय चाळिशीच्या अलीकडे, अंगानं काडी, गळ्यात बारा महिने मफलर. गाणं कुणाकडे शिकला म्हणाल तर मशीनकडे. सहा नंबरच्या मशीनचा तो जो एकसारखा 'घूं' असा आवाज चालू असतो, त्यालाच यानं तंबोरा मानलं आणि रोज आठ-आठ तास त्यावर गळा घासला. "आपलं सहा नंबर काळी दोनच्या पट्टीत शे, बाई," असं मला कौतुकानं सांगतो, लोक पोरांचे मार्क सांगतात तसं. एकदा यानं सुपरवायझरकडे लेखी तक्रार दिली, की मशीन बेसूर झालंय, ड्युटी करवत नाही. सुपरवायझरनं तो कागद चार जणांना वाचून दाखवला, सगळे पोट धरून हसले. तिसऱ्या दिवशी मशीन बंद. उघडून बघतात तर बेअरिंग गेलेलं! तेव्हापासून काही खुट्ट झालं की मेंटेनन्सवाले आधी याला बोलावतात. हा मशीनला कान लावून, डोळे मिटून, "निषाद उतरलाय" असं काहीतरी सांगतो, आणि ते बिचारे एकमेकांना विचारत बसतात, "ये निषाद किधर लगता है?"

आपल्या आवाजाला तो 'माझा आवाज' असं कधी म्हणणार नाही. 'तो' म्हणतो. आज तो उठला नाही. त्याला ताक चालत नाही. काल तो रुसला होता. कारखान्याच्या कँटीनवाल्या मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, जळगावच्या, मनानं फार मऊ. त्या सुरुवातीचे चार महिने समजत होत्या की याच्या खोलीत एक आजारी भाऊ पडलेला आहे, आणि रोज दोन डबे पाठवत होत्या. यानं दोन्ही डबे खाल्ले. उघडकीला आल्यावर म्हणतो कसा, "मावशी, त्याच्याचसाठी तर खाल्लं!" एकदा आमच्या शाळेची सहल वासोण्याच्या सफारीला निघाली, तेव्हा मी याला मुलांना गाणी म्हणायला बरोबर नेलं. सिंह आपला झाडाखाली झोपलेला. यानं जाळीच्या गाडीतून खर्ज लावला. सिंहानं मान उचलली, याच्याकडे बघितलं आणि जांभई देऊन परत आडवा झाला. परतताना मला हळूच म्हणाला, "त्याला पटलं नाही बाई. आपला खर्ज अजून कच्चा आहे."

हसा तुम्ही, खुशाल हसा. पण तो गायला लागला की हसणं जागच्या जागी थांबतं. पहिल्यांदा मी त्याला ऐकलं ते बिल्डिंगच्या सत्यनारायणाला. त्याचं गाणं भजन नव्हे, भावगीत नव्हे, त्याला नाव काय द्यावं मला आजही कळत नाही. त्याची आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या तो घेतो, मध्येच आपले शब्द घालतो, अर्धे अहिराणी, अर्धे आपले, आणि असा एक सूर लावतो की वाटतं, आपल्याला जे कुणालाच सांगता आलं नाही ते याला कुणी सांगितलं? आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त तलाठी राहतात. फेरफार, सातबारा आणि हद्दीच्या खुणा यांपलीकडे जगात काही आहे असं त्यांनी कधी मानलं नाही. ते प्रसाद वाटत होते. डावात शिरा घेऊन ते तिथेच उभे राहिले, गाणं संपेपर्यंत. समोर मी द्रोण धरून उभी. दोघांनाही कळलं नाही. शिरा गार झाला.

आणि हाच माणूस प्यायचा. साधंसुधं नाही. आमचं सिल्वासा म्हणजे काय, पलीकडे गुजरातेत बंदी आणि इकडे हाकेच्या अंतरावर बारचा रंगीत दिव्यांचा बोर्ड. प्यायला की चार-चार दिवस दिसायचा नाही, आणि दिसला की दारोदार माफी मागत सुटायचा. ज्यांचं काही बिघडवलं नाही त्यांचीसुद्धा. एकदा एक कुटुंब त्याच दिवशी राहायला आलं होतं, टेम्पोतून कपाट उतरवत होते, हा त्यांच्यापुढे हात जोडून उभा: "झालं गेलं विसरा, भाऊ." त्या माणसानं घाबरून कपाटच खाली सोडलं. बायको मात्र माफीला कंटाळून माहेरी गेली ती अजून तिथेच आहे. वापीला एका मोठ्या कार्यक्रमात गायला बोलावलं होतं, तिथे हा पेटीवर डोकं ठेवून झोपला. लोकांना वाटलं ध्यान लावलंय. घोरायला लागला तेव्हा पडदा पाडला. त्यानंतर दवाखाना, पिवळे डोळे, पोटात पाणी. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "या वेळी वाचला. आता एकदा जरी घेतली तरी माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही."

तिथून आमची भीती सुरू झाली ती आजतागायत. मी, तलाठीकाका आणि मावशी, असे तिघं. फोनवर एक ग्रुप काढला, त्याला नाव 'भजन मंडळ', पण त्यात भजनाचं एक अक्षर नाही. 'सकाळी आठ. चहा घेतला. डोळे स्वच्छ.' 'दुपारी एक. दोन चपात्या. चाल सरळ.' काकांनी तर सरकारी नकाशा पुढे घेऊन बिल्डिंगपासून कारखान्यापर्यंतचा असा रस्ता आखला की वाटेत एकही दुकान लागू नये. तो रस्ता खेरडीच्या शेतांमधून, दोन बांध ओलांडून, दुप्पट लांब. हा सात महिने त्या रस्त्यानं सायकल हाणत गेला, तक्रार नाही. सात महिने! आणि मग नाशिकहून बोलावणं आलं. कुणीतरी त्याचं गाणं फोनवर ऐकलं होतं. रविवारी संध्याकाळी, पाऊण तास, एकट्याचा कार्यक्रम. आनंद झाला म्हणता? मला तर रात्री जेवण गेलं नाही. वापीच्या वेळीही असंच बोलावणं आलं होतं.

आता पुढचं कळायला एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या मराठीत 'बसणे' या क्रियापदाची काय अवस्था झालीय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी व्याकरण शिकवते, मला त्याचं फार वाईट वाटतं, पण करणार काय? "आज बसायचं का?" म्हटल्यावर कुणी सतरंजी शोधायला जात नाही. शुक्रवारी काका भाजी आणायला खेरडीला गेले होते. तिथून नेहमीप्रमाणे अकरा वाजता त्यांनी आमच्या वॉचमनला फोन करून गवयाची चौकशी केली. वॉचमन वलसाडकडचा गुजराती, सरळ माणूस. तो म्हणाला, "ए तो सवारनो बेठो छे. बारणुं बंद." काकांच्या हातातली वांगी खाली पडली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'सकाळपासून बसलाय. दार लावून.'

मी शाळेत परीक्षेच्या सुपरव्हिजनला होते. ते चार शब्द वाचले. हेडमास्तरांना "घरी अडचण आहे" म्हटलं आणि रिक्षा केली. वाटेत देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. संपलं सगळं, एवढंच डोक्यात. मावशी कारखान्याच्या गाडीतून उतरल्या, हातात लिंबं, मीठ आणि ताकाचा मोठा तांब्या. काका धापा टाकत आले. आणि बघतो तर खोलीला बाहेरून कुलूप! आत चिटपाखराचा आवाज नाही. काकांनी जमिनीवर आडवं होऊन दाराच्या फटीला नाक लावलं. या वयात, धोतर सावरत. "काही कळत नाही हो बाई," म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला. तेवढ्यात वॉचमन किल्ली घेऊन आला. "एणे ज कह्युं," तो म्हणाला, "सांजे खोलजो." म्हणजे यानंच सांगितलेलं, बाहेरून कुलूप लाव, संध्याकाळी उघड.

दार उघडलं. हा चटईवर मांडी घालून बसलेला. समोर पेटी, पेटीचं झाकण बंद, त्यावर दोन्ही हात दाबून धरलेले. डोळे लाल. काका धावले, त्याला छातीशी धरलं आणि सवयीनं लांब श्वास घेतला. मीही पुढे वाकले. मावशीही. तो हलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, ऐकाले आले का हुंगाले?"

"सात महिने झाले," तो म्हणाला. "सगळे जवळ येतात. बरा आहेस का विचारतात. काय गायलास, ते कुणीच विचारत नाही. बसलोय मी, हो. उठलो तर पाय तिकडे जातील, अशी भीती वाटली, म्हणून कुलूप लावून बसलोय."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! कारण खरंच होतं ते. सात महिने तो जिन्यात गुणगुणला, गच्चीवर गायला, आणि मी फक्त जीभ जड झालीय का तेवढंच ऐकत होते. मावशींनी तांब्या खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. काका चटईच्या कडेला टेकले, मांडी घातली, घसा खाकरला आणि एखाद्या सरकारी चौकशीच्या सुरात विचारलं, "परवा काय गाणार आहेस?" त्यानं पेटीचं झाकण उघडलं. पहिला सूर कापरा निघाला, दुसराही. "तो घाबरलाय," म्हणाला. "आम्हीपण," मी म्हटलं. मग त्यानं आईची ओवी धरली, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला 'तो' उठला. त्या दिवशी आम्ही चौघं बसलो, बारापासून संध्याकाळपर्यंत, दार लावून, ताकावर. वॉचमननं कुलूप परत लावलं होतं, कारण त्याला तसंच सांगितलेलं.

आज रविवार. काल सकाळच्या बसनं तो एकटा नाशिकला गेला. आम्ही येतो म्हटलं तर हात जोडले: "नका येऊ. पहिल्या रांगेत तुमची नाकं दिसली तर तो उठायचा नाही." शुक्रवारी त्यालाही ग्रुपवर घेतलंय; साडेपाचला तिथे त्याचा एक शब्द आला: 'बसतो.' लगेच काकांचा फोन. "बाई, म्हणजे काय हो?" आवाज पार खोल गेलेला. मी म्हटलं, "म्हणजे गायला बसतो, काका. दुसरं काय असणार?" इतक्या ठामपणे म्हटलं की त्यांना पटलं. त्यानंतर त्याचा फोन लागत नाही. आता सव्वासात झालेत. मी देवापाशी दिवा लावलाय, भात लावलाय, आणि दोन्ही वेळा काडी विझली.

उद्या दुपारी तो परत येईल. दारात गेल्यावर काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय. दोन हात लांब उभं राहायचं आणि पहिला प्रश्न विचारायचा, "काय गायलास?" एवढं मला जमेल. नाकाचं काय करायचं, ते मात्र अजून ठरत नाही.