चालू ठेवा

माझ्या धाकट्या जावेला आमचा अख्खा शिलाईचा कारखाना 'टाचणी' म्हणतो. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार. डॉक्टरांचे पांढरे कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. म्हणजे नव्हतं. आता बोटं आखडलीत, कातडी ताणून चकचकीत झालीय. स्क्लेरोडर्मा, कातडी घट्ट करणारा आजार. त्यातच फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला आणि जिना चढताना धाप लागायला लागली. दाबाच्या गोळ्या मिळाल्या, जोडीला रक्त पातळ करायची एक.

ती जोडीची गोळी! आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तीन वर्षांत तीन डॉक्टर बदलले. प्रत्येकाने फाईल चाळली आणि खाली खरडलं, 'चालू ठेवा'. का चालू, ते एकानेही विचारलं नाही.

सुई टोचली की टाचणीचं रक्त थांबेना. कोटांवर डाग पडू लागले, तशी मी काम वाटताना ती म्हणाली, "ताई, मला गडद कापडच द्या."

"नखरे बघा बाईचे!" मी फणकारले.

"नखरे कसले? रक्त पातळ झालंय, गोळी लागू पडली!"

दोघी हसलो. मूर्ख कुठली मी.

पुढे धाप वाढतच गेली. सगळे म्हणाले, आजार बळावलाय. परवा ती कापडं बेतायच्या टेबलापाशीच कोसळली. दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शौचाला काळं होतं का?" चार महिने होत होतं. लाजेपायी बोलली नव्हती.

"पोटात रक्त झिरपतंय, धाप त्यानेच वाढलीय," बाई म्हणाल्या. "या आजारात आतल्या शिरा नाजूक होतात, त्यात ही गोळी. अशा रुग्णांना हिचा फायदा होतो, असं सिद्धही झालेलं नाही. कोणी सुरू केली?"

मी फाईल टेबलावर आपटली. "सुरू केली ते जाऊ द्या हो! बंद करावी असं एकालाही वाटलं नाही? कोटावर ठिपका दिसला तर गठ्ठा परत पाठवता तुम्ही लोक. आणि ही..."

बाईंनी मान खाली घालून फाईलमधल्या गोळीच्या नावावर काट मारली.

रक्ताच्या दोन पिशव्या चढल्यावर टाचणीने डोळे उघडले. मी सगळं सांगितलं. ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"ताई, मला वाटायचं गुण येतोय. रक्त आलं की बरं वाटायचं हो मला."