सफियाबाईंची पत्त्यांची वही

दहिवलीच्या वाचनालयात सफियाबाई बावीस वर्षं ग्रंथपाल आहेत. तिथल्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या निळ्या, जाड पुठ्ठ्याच्या वहीचीच ख्याती जास्त. इंटरनेटवर कुठे काय मिळतं, त्याचे पत्ते त्यात हाताने लिहिलेले. जुनी गॅझेटियरं, स्कॅन केलेली मासिकं, मोठ्या ग्रंथालयांच्या सूच्या, सरकारी दफ्तरं. पुढे शेरा: 'सकाळी लवकर उघडते', 'इंग्रजीत शोधावे'. एकदा कॉम्प्युटर बिघडून जपून ठेवलेले सगळे पत्ते गेले, तेव्हापासून त्यांचा मशीनवरचा भरवसाच उडाला. पनवेलच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल बाईसुद्धा फोन करतात, "सफिया, तुझ्या वहीत बघ ना जरा."

त्याच वहीच्या जोरावर त्यांनी जनाला शब्द देऊन टाकला होता.

जना उंबरवाडीची कातकरी. नवरा गेलेला. वीटभट्टीवर राबून तिने सुरेखाला बारावी केलं. पोरीला नर्सिंगची राखीव जागा लागली. पण जातीच्या दाखल्याला पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा, आणि कागद शुक्रवारी पाचच्या आत प्रांत कचेरीत पोचायला हवे. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. "नेटवर सापडेल गं, जने. मी बसलेय ना," असं बाई बोलून गेल्या होत्या.

नऊ दिवस झाले. वहीतली एकेक साइट उघडून त्या जनाच्या आजेसासऱ्याचं नाव टाकत होत्या. वाघे, पोशा. वाघे, पोशा धाकू. पडद्यावर तेच: नोंद आढळली नाही. शुक्रवारी दुपारची नमाज त्यांनी कपाटाआडच उरकली. दुवेला हात उचलले आणि तोंडून एवढंच निघालं, "अल्लाह, त्या पोरीचं बघ."

उठतात तर जना आणि सुरेखा दारात.

"घावलं का, बाई?"

"नाही गं. वाघ्यांची एकही नोंद नाही."

जनाला नवल वाटलं. "वाघे कशाला शोधताव?"

"म्हणजे? आडनाव वाघे ना तुमचं?"

"ते माज्या नवऱ्याला मास्तरांनी लावलं, शाळंत घालताना. पोशाबाला कोन वाघे म्हनलं नाय. त्याला आडनावच नव्हतं."

आडनाव आधी, नाव नंतर. बावीस वर्षं प्रत्येक कार्डावर त्यांनी असंच लिहिलं होतं.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं? मला वाटलं, बाई शिकलेल्या, त्यांना ठावं असंल."

मग नाव सोडून गावावरून शोध सुरू झाला. गावच्या कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या वहीची स्कॅन केलेली पानं पडद्यावर एकामागून एक उघडत गेली. तीन वाजत आले तेव्हा सुरेखाच ओरडली, "बाई, थांबा!" सेहेचाळीस साल. उंबरवाडी. मुलगा. बाप पोशा. जात कातकरी.

जनाने पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला. सफियाबाईंनी ते पान छापून घेतलं आणि भरदिवसा वाचनालयाला कुलूप घातलं, आयुष्यात पहिल्यांदा. तिघी रिक्षाने शिक्का घ्यायला तहसीलला गेल्या.

"हे छापलेलं चालत नाय, मॅडम," कारकून म्हणाला. "शिक्क्याची नक्कल लागते. अर्ज द्या, सोमवारी या."

"भाऊ, आज पाचला मुदत संपतेय हो."

"मग आधी यायचं ना."

प्रांत कचेरीतही तेच. सफियाबाईंनी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी रडल्याही. पाच वाजले. खिडकी बंद झाली.

तिघी बाहेर पायऱ्यांवर बसल्या. मग सुरेखा खाली बघत म्हणाली, "आये, भट्टीच्या मुकादमाला माजं पन नाव सांग. या साली."

सफियाबाईंना वाटलं, जनाने चार शिव्या द्याव्यात, आपल्या हातातली वही फेकून द्यावी. ती तर पदराने पोरीचं तोंड पुसत होती. माफी मागायलाही बाईंना तोंड राहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. "जने, वाडीतली किती पोरं शाळेत आहेत?"

"सात."

"त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं सांग. नुसती नावं."

पेन धरून सफियाबाई बसून राहिल्या.

"लिवा," जना म्हणाली. "पैला, धाकू."