अवेळी उतरलेलं दूध

आमचे दाजी तबेल्यात घोड्यांची निगा राखत. त्यांची लाडकी घोडी गाभण होती. दिवस भरायला बराच अवकाश असतानाच तिच्या कासेत दूध उतरलं, तेव्हा दाजी हरखून घरोघर सांगत सुटले. माझी ताई म्हणाली, "माझ्या बाळंतपणात कधी एवढे नाचला नाहीत हो!"

सांगायचं राहिलं ते फक्त जनावरांच्या डॉक्टरांना. उशिरा निरोप मिळून ते आले तोवर घोडीने गाभ टाकला होता.

"अवेळी दूध उतरलं की बहुधा गर्भाला पोसणाऱ्या वारेत संसर्ग असतो. तेव्हाच कळवायचं. वेळेवर औषध दिलं तर कधीकधी वाचतं," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला दाजी रोज कास तपासत. शिंगरू सुखरूप जन्मलं. पण दाजींनी ते कुणालाच सांगितलं नाही. ताईलासुद्धा शेजारणीकडून कळलं.